वाळू न पाहिलेली बाई

आमच्या वरच्या मजल्यावरची इब्तिहाल कैरोतल्या सगळ्यात नावाजलेल्या विद्यापीठात भूगोल शिकवते, आणि याचा उपयोग तिच्यापेक्षा आमच्या गल्लीलाच जास्त झाला आहे. तिच्या गाडीच्या काचेवर विद्यापीठाचा शिक्का आहे, पोलीस अडवत नाहीत, म्हणून गल्लीतली प्रत्येक नवरी त्या गाडीतून सासरी जाते. विद्यापीठाच्या दवाखान्यात तिच्या ओळखीवर मी माझा गुडघा दाखवून आले. तिच्या सासूबाई, इन्साफमावशी, मासेवाल्याकडे रांगेत उभ्या राहत नाहीत. "माझी सून त्या विद्यापीठात आहे," एवढं म्हटलं की खालच्या टोपलीतले ताजे मासे वर येतात.

इब्तिहालच्या स्वतःच्या वाट्याला आले ते वगदीसाहेब. तिचे गाइड. नऊ वर्षं तिनं त्यांच्या विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिका तपासल्या, त्यांच्या घरचा गॅस सिलिंडर आणवला, भाच्याच्या लग्नाच्या पत्रिका वाटल्या. उरलेल्या वेळात वाळूच्या टेकड्या कशा सरकतात यावर चारशे पानांचा प्रबंध लिहिला. तो साहेबांच्या कपाटात दोन वर्षं पडून राहिला. ती डॉक्टर झाली तर उत्तरपत्रिका कोण तपासणार? पण नियम असा, की ठरल्या मुदतीत डॉक्टरेट झाली नाही तर शिकवणं बंद, बदली कार्यालयात, फीच्या खिडकीवर. ती मुदत मार्चअखेर संपत होती. शेवटी डीनबाईंनीच विचारणा केली, तेव्हा कुठे साहेबांना कपाटाची किल्ली सापडली आणि तोंडी परीक्षेची तारीख लागली.

ही परीक्षा सगळ्यांसमोर होते. सासर, माहेर, शेजारपाजार, सगळे नटूनथटून येतात. आणि परीक्षकांचं जेवण परीक्षा देणाऱ्यानं करायचं. असं कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, पण उपाशी परीक्षकांनी कुणाला डॉक्टर केल्याचं माझ्या तरी ऐकण्यात नाही. इन्साफमावशी दोन दिवस खपल्या. बदकं भाजली, कबुतरांत हिरव्या गव्हाचा भरडा भरला, भातावर सढळ हातानं तूप ओतलं.

आत परीक्षा सुरू झाली. शेजारच्या खोलीत आम्ही दोघी ताटं मांडत होतो, तोच विभागाचे शिपाई शुक्रीकाका डोकावले.

"हे काय मांडलंय, बाई? बाहेरचे परीक्षक नस्सीफसाहेब आहेत ना, ते किब्ती ख्रिस्ती. त्यांचा मोठा उपवास चाललाय. मांस नाही, दूध नाही, तूप नाही."

"एखादं लहानसं कबुतर?" मावशी म्हणाल्या.

"अहो हाजीबाई, उपवास लहान कबुतरानंही मोडतो."

टेकडी वर्षाला किती मीटर सरकते हे ज्या घराला पाठ, त्या घरात कॅलेंडर कुणी पाहिलं नव्हतं. मी पर्स उचलली. "गेटवरून तेल-लिंबाचे वाल आणि तामिया, म्हणजे वाटलेल्या वालाचे गरम वडे, आणते."

मावशींनी माझा दंडच धरला. "एवढ्या मोठ्या विद्यापीठात हातगाडीवरचे वाल? लोक काय म्हणतील?"

"मावशी, तो माणूस मिन्याहून पहाटेच्या गाडीनं आलाय. आणि निकालावर सही त्याची हवी आहे."

मी पिशवी घेऊन परतले आणि मावशींना घेऊन सभागृहात शिरले, तर नस्सीफसाहेबच बोलत होते.

"पान दोनशे बारा. टेकडी वर्षाला चौदा मीटर सरकते. कसं मोजलंत?"

"उपग्रहाच्या छायाचित्रांवरून, सर."

"ते वाचलं. पण टेकडी पाहिलीत का कधी?"

इब्तिहालनं आमच्याकडे पाहिलं.

"पाहिली म्हण गं, कोण जातंय बघायला!" मावशी पुटपुटल्या. दोन रांगांना ऐकू गेलं.

"नाही, सर," इब्तिहाल म्हणाली.

"का?"

"तीनदा रजा मागितली. तिन्ही वेळा उत्तरपत्रिका आल्या."

"कुणाच्या?"

सभागृहातल्या सगळ्या माना एकदम वगदीसाहेबांकडे वळल्या. साहेब चष्मा पुसायला लागले. मला डोळ्यांपुढे फीची खिडकी दिसू लागली, आणि तिच्यामागे इब्तिहाल.

परीक्षक आत गेले. अर्ध्या तासानं बाहेर आले. नस्सीफसाहेबांनी कागद वाचला, "डॉक्टरेट देण्यात येत आहे," आणि पुढचं ऐकायच्या आत मावशींनी जीभ नाचवून असा काही आनंदाचा पुकारा केला की साहेबांना थांबावं लागलं. पुढची अट अशी होती: उमेदवारानं खारगाच्या मरूद्यानात स्वतः जाऊन टेकडी मोजावी आणि ते प्रकरण नव्यानं लिहावं.

जेवताना नस्सीफसाहेबांनी वाल तीनदा वाढून घेतले. मग हात पुसून म्हणाले, "बाई, रजेचा अर्ज लिहा. आत्ता, इथेच."

इब्तिहालनं अर्ज लिहिला. एक महिना. त्यांनी 'एक' खोडून 'दोन' केलं आणि कागद वगदीसाहेबांच्या ताटाशेजारी सरकवला. साहेबांच्या एका हातात कबुतर होतं. डीनबाई बघत होत्या. वगदीसाहेबांनी कबुतर खाली ठेवलं, बोटं पुसली, सही केली, आणि सगळ्या टेबलाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मी तर हिला वर्षानुवर्षं सांगतोय, अगं, एकदा तरी जाऊन ये!"