जावयाचे तळपाय आणि गडाचा नवस

नवस बोलल्या सासूबाई आणि फेडायचा मी! "जावईबापूंची साखर उतरली, तर ते अनवाणी गड चढतील," असं त्या सप्तशृंगीला परस्पर कबूल करून मोकळ्या झाल्या. साखर उतरली. मी वर्षभर पहाटे आमच्या नाशिकच्या सातपूरमधल्या रस्त्यांवर तासभर चालत होतो म्हणून, असं माझं मत. सासूबाईंचं मत वेगळं, आणि देवळा तालुक्यात कांदे पिकवणाऱ्या बाईशी वाद कोण घालणार? मधुमेहानं माझ्या तळपायांची जाणीव कमी झाली होती. डॉक्टरांनी घरातसुद्धा चप्पल घालायला बजावलं होतं. पण पाचशे पायऱ्यांनी काय होतंय, असं म्हणत २००८च्या फेब्रुवारीत एका रविवारी मी आणि सुनंदा, माझी बायको, निघालो.

नाशिकच्या सीबीएस बसस्थानकावरून पहाटेची एसटी, वणीमार्गे नांदुरी. तिथे बिनसाखरेचा चहा आणि घरची भाकरी-पिठलं. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी घाट चढू नये, आणि साखर एकदम घसरली तर म्हणून खिशात दोन लिमलेटच्या गोळ्या ठेवाव्यात. सुनंदा जीपमध्ये बसली. ड्रायव्हर मलाही बोलवू लागला.

"काका, बसा की, वीस रुपयांत वर!"

"मी वजन उतरवायला आलोय, तू मला कशाला चढवतोस?"

घाटाचा रस्ता दहाएक किलोमीटर आहे; तो बूट घालून चालायचा आणि अनवाणी फक्त वरच्या पायऱ्या, असं मी ठरवलं होतं. चालताना बोलता आलं पाहिजे, दम लागून शब्द तुटले की वेग कमी करायचा, हा डॉक्टरांचा नियम. बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी कंपनीतल्या साहेबाला मोठ्यानं सुनावत चाललो. अडीच तासांत वर पोचलो, पन्नाशीतला गडी, छाती फुगवून!

पहिल्या पायरीपाशी देवळ्याहून परस्पर आलेल्या सासूबाई नारळ घेऊन उभ्या होत्या. मी उजवा बूट काढला आणि सुनंदा ओरडली. मोजा रक्तानं भिजला होता. तळव्यात लोखंडी किसाचा वळलेला तुकडा रुतला होता, कंपनीत माझ्या लेथ मशीनवर लोखंड कापताना पडतो तसला. बूट मी कंपनीत मशीनखाली ठेवत असे; शनिवारी पिशवीतून घरी आणले, आणि सकाळी न झटकताच पायात घातले होते.

"अहो, दुखलं नाही?"

"नाही."

सगळा घाट मी त्या तुकड्यावर चाललो होतो. मला खरोखर भीती वाटली.

सासूबाईंनी मला नळापाशी बसवलं. लग्नात त्यांनी माझे पाय धुतले होते, तेव्हा रीत म्हणून. आता त्यांनी चष्मा नाकावर ओढून तळवा नीट पाहिला.

"एवढं घुसलं अन् कळलं नाय?"

"नाही कळलं, आई."

"मंग साखर उतरली ती कशी?"

"साखर उतरली. पण पायांचं जे व्हायचं ते आधीच होऊन बसलंय."

त्यांनी तुकडा अलगद काढून पाय धुतला. जखमेवर स्वच्छ रुमाल बांधला. "फडकं बांधून, बूट घालून चढतो की," मी म्हणालो.

"बसा गप!"

पंचवीस वर्षांत त्या जावयाला पहिल्यांदा असं बोलल्या. "मी बोलले, मीच फेडते," म्हणत एकट्याच अनवाणी चढल्या. तासाभरानं प्रसाद घेऊन उतरल्या.

"काय म्हणाली देवी?"

"म्हणाली, पाय कुणाचे अन् नवस कोण बोलतंय!"

जीपनं उतरलो. वणीत एका दवाखान्यात डॉक्टरांनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि पंधरा दिवस चालणं बंद केलं. भरायला मात्र महिना लागला. तोवर मी खुर्चीत बसून हातांचे व्यायाम केले, चिडचिड करत का होईना. आता बूट आधी उलटे करून झटकतो, आत हात फिरवतो, आणि झोपण्यापूर्वी आरशात तळवे पाहतो. गड चढायचा तर चढेन, पण पायांत बूट असतील, आणि देवळात जाड मोजे. तुम्हालाही मधुमेह असेल तर एवढं कराच.

मे महिन्यात सासूबाई सातपूरला आल्या. पिशवी खाली ठेवली, पाणीसुद्धा न पिता माझ्यासमोर बसल्या.

"आई, नवस फिटला ना?"

"नवस फिटला. बघणं फिटत नाय. दाखवा पाय."

मी मोजा काढला.