रिकाम्या खुर्चीचं उत्तर

आमच्या खानदानात सगळे ट्रकवाले. आजोबा मिठागरात राबले, बाबा-काकांनी ट्रक घेतले, आणि मी अलिबागच्या ऑफिसात एसी लावून बसतो म्हणून घरी माझी टिंगल चालते. "ह्यो करतो तरी काय?" असं कुणी विचारलं की काका सांगतात, "दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर वॉचमन हाय." मी चिडतो. पण खरं सांगायचं तर काकांनी बरोबर ओळखलंय. लोकांचे सर्व्हर क्लाउडवर चालतात, आमची कंपनी त्यांच्यावर नजर ठेवते, आणि कुठलं मशीन दमलंय, कुठलं अडकलंय हे त्यांच्या प्रोग्रॅमना आमच्या एपीआयला, म्हणजे प्रोग्रॅमांसाठी उघडलेल्या चौकशीच्या खिडकीला, विचारता येतं.

अडचण अशी होती की एका वेळी एकच प्रश्न विचारता यायचा. ताण कुठे जास्त? चुका कुठे वाढल्या? गिऱ्हाइकांना सगळं एकत्र हवं होतं: ताण जास्त आहे, चुकाही वाढल्यात, पण बॅकअप चालू नाही, अशी मशीनं दाखवा. असे गुंतागुंतीचे प्रश्न विचारायची सोय करायचं काम आमच्या छोट्या टीमकडे आलं. टीमच्या प्रमुख ताई, माणगावकडच्या भातशेतीवाल्या घरातल्या. साहेब नवी मुंबईत, ऐरोलीला बसायचे. त्यांनी फोनवर सरळ सांगून टाकलं, "देखो, ही सोय मागणारं एक मोठं गिऱ्हाईक आहे, ते मिळालं तर अलिबागचं ऑफिस राहील. नाहीतर सगळ्यांनी ऐरोलीला यायचं."

मला काय, मी सडाफटिंग. ताईंचे वडील मात्र पक्षाघातानं अंथरुणाला खिळलेले. ऑफिसपासून हाकेच्या अंतरावर खोली घेऊन ताईंनी त्यांना आणलं होतं. दिवसभर एक बाई सांभाळायला असायची, पण दुपारचं जेवण ताईच जाऊन भरवायच्या. ऐरोलीहून हे कसं जमणार? एकतर नोकरी सोडायची, नाहीतर वडिलांना गावी धाडायचं.

अशा वेळी माणसानं घाई करावी की नाही? छे! ताईंनी आम्हाला खुर्च्यांवर बसवलं आणि म्हणाल्या, "तुम्ही सगळे सर्व्हर." कुठलीही नवी क्वेरी, म्हणजे मशीनांना विचारायचा प्रश्न, कोडात उतरवायच्या आधी त्या आमच्यावर चालवून बघायच्या. "ज्यांचं काम वाढलंय आणि ज्यांनी डबा खाल्लेला नाही, त्यांनी हात वर करा." आम्ही हसत हसत हात वर करायचो. मग त्या प्रश्नातले कंस सरकवायच्या, 'आणि'च्या जागी 'किंवा' टाकायच्या, की वेगळेच हात वर यायचे. कुठल्या प्रश्नाचा काय अर्थ लागतो ते डोळ्यांसमोर दिसायचं. एवढी वर्षं कोड लिहितोय, पण असं काही कुणाला सुचलेलं मी पाहिलं नव्हतं.

एकदा त्यांनी विचारलं, "ज्यांची तक्रार आहे ते सोडून बाकी कोण कोण?" मी मोठ्या ऐटीत नावं घेतली. ताईंनी एका रिकाम्या खुर्चीकडे बोट दाखवलं. "अरे, हा तर खाली वडापाव खायला गेलाय. त्याची तक्रार नाही हे तुला कुणी सांगितलं?" सगळे खो खो हसले. ताई हसल्या नाहीत. कारण आमची क्वेरी नेमकं हेच करत होती. बंद पडलेलं मशीन तक्रार पाठवत नाही, म्हणून ते ठणठणीत धरलं जात होतं! त्या दिवसापासून त्यांनी हट्टच धरला. 'हो' आणि 'नाही' एवढ्यावर भागणार नाही, 'माहीत नाही' असं तिसरं उत्तर पाहिजे, आणि मधल्या कुठल्याही कंसात ते गुपचूप गिळलं जाता कामा नये. त्यापायी अर्धंअधिक काम परत करावं लागलं. मी भांडलो, आदळआपट केली. त्या शांतपणे पुढची क्वेरी विचारायच्या.

डेमोला साहेब गिऱ्हाइकांना घेऊन रो-रो बोटीनं मांडव्याला उतरले आणि थेट ऑफिसात आले. बंदरांवरच्या मालाची देखरेख करणारी कंपनी होती. त्यांच्या बाई आमच्यासारख्याच इंजिनियर, चेहऱ्यावरची माशी हलू न देणाऱ्या. त्यांनी आपल्या खऱ्या मशीनांचा डेटा जोडला आणि भलामोठा प्रश्न घातला. उत्तर झटकन आलं. आणि खाली एक पिवळी ओळ: 'माहीत नाही: दिघी यार्ड.'

बोंबला! साहेब ताईंच्या कानाशी कुजबुजले, पण सगळ्यांना ऐकू गेलं, "अरे ये हटाओ ना, सगळं ग्रीन दिसू दे."

"सर, ते मशीन बोलतच नाहीये," ताई म्हणाल्या. "ते ठीक आहे असं मी कशावरून म्हणू?"

त्यांचं घरदार या एका तासावर टांगलेलं होतं, आणि ताई ढिम्म हलल्या नाहीत. काय छाती म्हणायची! मी त्यांच्या जागी असतो तर ती ओळ कधीच पुसली असती.

गिऱ्हाईक बाईंनी दिघीला फोन लावला. सकाळपासून तिथली वीज गेलेली, मशीन बंद, आणि त्यांच्या जुन्या स्क्रीनवर ते हिरवंगार दिसत होतं. त्यांनी फोन ठेवला आणि साहेबांना म्हणाल्या, "आम्हाला हेच पाहिजे. आणि हे ज्यांनी केलंय, त्यांनीच पुढे सांभाळायचं." साहेब लगेच ताईंकडे वळून हसले, "ऑफिस इधरच राहील. बस?"

ताई उठून गॅलरीत गेल्या. मी त्यांचा चहा घेऊन मागोमाग गेलो, तर त्यांनी घरी, वडिलांना सांभाळणाऱ्या बाईंना फोन लावलेला, स्पीकरवर. ऑफिसात इतकं शुद्ध बोलणाऱ्या ताई म्हणत होत्या, "बाबा, न्हाय जायाचं आपल्याला. हितंच ऱ्हायाचं."

पलीकडून काहीच आवाज नाही. मी म्हणालो, "फोन कट झाला वाटतं."

ताईंनी हातानंच मला गप्प केलं. "वाचा गेलीय त्यांची," त्या हळूच म्हणाल्या, "थांब जरा." आम्ही दोघं त्या फोनकडे बघत उभे राहिलो. बऱ्याच वेळानं पलंगावर हात आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा, जरा जोरात.

"ऐकलं बाबा," ताई म्हणाल्या आणि रडायला लागल्या. "ऐकलं मी."