सुकतीच्या वेळा

लग्न होऊन मी आंबोलीहून मालवणकडच्या खाडीकाठी आले, तेव्हा स्वातंत्र्याला सात-आठ वर्षं झाली होती आणि मला पाण्याची एकच रीत ठाऊक होती: ते वरून खाली पडतं. आंबोलीत पावसाळाभर दुसरं काही होतच नाही. पाणी दिवसातून दोनदा येतं आणि दोनदा निघून जातं असं कोणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. पण तसं मला कोणी सांगितलंच नाही.

मला दुसरेपणावर दिली होती. नवरा मुंबईला नोकरीला, गणपतीला तेवढा यायचा. घरात सासूबाई आणि मी. पहिली सून खडकाला चिकटलेली कालवं काढायला खाडीत उतरली आणि बुडाली, एवढंच लग्न ठरताना कळलं होतं. लग्नात नाव बदलतात तसं माझंही बदललं, आणि सासूबाईंनी ठेवलं ते पहिलीचंच नाव. "तोंडात बसलेला आसा," म्हणाल्या. मी मुळात फटकळ, पण नव्या नवरीला कसलं आलंय तोंड!

माझे वडील शाळामास्तर. पाठवणीच्या वेळी त्यांनी ट्रंकेत एक कोरी वही घातली. "मोठं काही लिहू नकोस, दिवसभर काय केलंस तेवढंच लिही, म्हणजे अक्षर मोडणार नाही," असं सांगितलं. मग मी तेच लिही. सडा घातला. आमटी आंबट झाली. सासूबाई बोलल्या. मी मनात बोलले. मागच्या दारी जाऊन खाडी बघून आले. भात करपला.

एका दुपारी सासूबाई आडव्या पडल्या होत्या, आणि मी करमणूक म्हणून मागची पानं वाचायला घेतली. आपलीच रडगाणी वाचून हसू येत होतं. मग हसू थांबलं. खाडी बघून आले, हे वाक्य रोज होतं. एक दिवस न्याहारीनंतर. दुसऱ्या दिवशी त्याच्या जरा नंतर, भात चुलीवर असताना. मग जेवल्यावर, मग भांडी घासल्यावर, मग दिवा लावायच्या आधी. त्यापुढे परत पहाटेचा सडा झाल्यावर, आणि पुन्हा तोच फेरा. सवड मिळाली की जात असेन असं वाटलं होतं, पण सवडीचा इथे काही संबंध नव्हता. भात रटरटत ठेवून मी गेले होते. करपलेला भात त्या त्या पानावर होताच.

संध्याकाळी वाती वळताना मी सहज विचारलं, "खाडीचा पाणी खंय जाता हो?"

सासूबाईंचा हात थांबला. "सुकती इली की दर्यात जाता. रोज दोन घटको उशिरान. तुका कोणी सांगला?"

"कोणीच नाय."

ते खरं होतं. पहिली गेल्यापासून त्या घरात सुकतीचं, म्हणजे ओहोटीचं, नाव काढत नव्हते. मग मी रोज नेमकी पाणी ओसरतानाच कशी जात होते? मी तिथे काय करत असे हे आठवायला लागले, तर काठावर उभी राहिल्यापलीकडे काही आठवेना.

दुसऱ्या दिवशी ठरवलं, जायचं नाही. जात्यावर बसले, खुंटा घट्ट धरला. जातं कधी थांबलं कळलं नाही. भानावर आले तेव्हा घोट्यापर्यंत चिखलात होते. समोर वाळूचे पट्टे उघडे पडले होते, मध्ये एकच काळा ओहोळ, आणि पलीकडचा काठ अगदी हाकेवर. घरातून सासूबाईंनी हाक मारली. त्या नावाची हाक ऐकून मी मागे वळले, आणि माझ्या बाजूला आणखी कोणीतरी वळलं. मी तिकडे बघितलं नाही. पळत सुटले ती थेट चुलीपाशी.

सासूबाई माझ्या पायांचा चिखल बघत राहिल्या. मी विचारलं, "तिची कालवांची टोपली गावली?"

मग त्यांनी वर आढ्याकडे बोट केलं. टोपली खुंटीला टांगलेली होती, आत कोयती. "घेवन गेलीच नाय ती."

पलीकडच्या काठावर तिचं माहेर होतं, आणि तिलाही तिकडे धाडत नव्हते, हे मला तेव्हा कळलं. तरीतून, माणसं पार करणाऱ्या होडीतून, गेली असती तर तरवाल्यानं लगेच घरी कळवलं असतं, म्हणून ती वाळूवरून चालत निघाली, आणि मध्यावर भरती आली.

त्या दिवशी काय केलं हे मी लिहिलं नाही. मला काय हवंय ते लिहायला बसले, आणि पहिलाच शब्द आला आई. मग हात आवरेना. लग्न झाल्यापासून मला एकदाही माहेरी धाडलं नव्हतं. दुधानं तोंड पोळलेल्या सासूबाई ताकही फुंकून पीत होत्या. पहिली मला ओढून नेते की मी आपल्या पायांनी जाते, याचा उलगडा मला आजही झालेला नाही. पण जायचं मलाही होतं, आणि हे मी स्वतःपासूनसुद्धा लपवलं होतं. असंच चाललं तर एक दिवस मीही मध्यावर असेन, हे कागदावर उतरलं तेव्हा मी घळाघळा रडले.

मग उठले आणि सासूबाईंना सांगितलं, "माका माहेराक धाडा. नायतर मी सुकतीन जातलंय."

मला वाटलं, आता घर डोक्यावर घेतील. त्यांनी फक्त पदराचं टोक तोंडात धरलं. सकाळी स्वतः तरीपर्यंत आल्या. मी होडीत पाय ठेवला, तेव्हा दंड धरून म्हणाल्या, "पलीकडे तिच्या आवशीक सांग. ती कालवांक जाय नव्हती. तुझ्याकडेच येय होती. माझ्या जिभेन सांगूक होवक नाय."

होडी पलीकडे लागली. एस्टीला अवकाश होता. तरवाल्यानं दाखवलेल्या काठावरच्या पहिल्याच घरी तिची म्हातारी आई तांदूळ निवडत होती. मी निरोप जसाच्या तसा सांगितला.

सूप तिच्या मांडीवर तसंच राहिलं. "ठावक आसा गो माका," ती म्हणाली. "सुकती इली की मी अजून भात वाढून ठेवतंय." मग माझ्या तोंडाकडे, ओल्या पायांकडे बघत तिनं विचारलं, "आणि तू खंय चललंस?"

"माझ्या आवशीकडे," मी म्हटलं.