आठ तास कुठून मोजायचे

बर्न वॉर्डात चौदा वर्षं नर्स म्हणून काढली, तर लोक म्हणतात, किस्से सांगा. सांगते. पण माझ्या किश्श्यांवर हसू कमी येतं, डोकंच जास्त फिरतं.

भाजलेल्या माणसाच्या अंगातलं पाणी झपाट्यानं जातं. म्हणून सलाईनचा हिशोब: वजन गुणिले भाजलेले टक्के गुणिले चार. तेवढे मिलिलिटर चोवीस तासांत, त्यातलं निम्मं पहिल्या आठ तासांत. एवढंच. पण एवढ्यातही माणसं माती खातात!

वजनकाटा बिघडला होता तेव्हा सगळ्यांच्या केसपेपरवर पन्नास किलो. धडगावकडच्या एकानं भाजलेल्या बायकोला झोळीत घालून डोंगर उतरवला होता. त्याला वजन विचारलं, तर पावरी बोलीत म्हणाला, धान्याची गोणी हिच्यापेक्षा पुष्कळ जड असते. गोणी पन्नासची! वाहणाऱ्याला ठाऊक होतं, लिहिणाऱ्यानं तिच्याकडे बघितलंही नव्हतं.

पेशंटचा स्वतःचा तळहात म्हणजे एक टक्का. आमच्या एका नव्या डॉक्टरांनी चार वर्षांच्या पोरीवर आपलाच भलामोठा पंजा ठेवून मोजलं. मी तिचा इवलासा हात त्यांच्यापुढे धरला. तर म्हणे, सिस्टर, नंतर करेक्ट करू. नंतर म्हणजे कधी?

हेच साहेब आठ तास केसपेपर काढल्यापासून मोजायचे. शेवटी मी सगळ्यांसमोर बोलले, "सर, पेशंट तिकडे रनाळ्याला घरी भाजलाय, आपल्या गेटवर नाही." चार दिवस माझ्याशी बोलले नाहीत. बरं झालं.

आणि शहाद्याकडची ती सून. कमरेपासून गळ्यापर्यंत भाजलेली. सासू सांगत होती, अर्धा तास झाला. अहो, गावाहून इथवर यायलाच तास लागतो! मी संतापून बजावलं, खोटी वेळ सांगाल तर सलाईन कमी पडेल आणि बाई हातची जाईल. नवरा भिंतीकडे बघत उभा.

मग मी सुनेच्याच कानाशी वाकले. विचारलं, बाई, किती वाजता भाजलं?

ती अहिराणीत म्हणाली, "चूलवर पदर पेटना, ताई. घरमा कोनी नव्हतं. कोनाच दोष नही."

मी म्हटलं, ते नाही विचारलं. फक्त वेळ सांग.

तिनं कशीबशी सासूकडे मान वळवली.

"टाईम काय सांगनं शे, आत्याबाई?"