हिरूमावशीच्या फॉर्मवर टिक मी केली होती

हिरूमावशी आज सकाळी गेली. आणि तिच्या नावाने पहिली पोस्ट टाकली ती मुंबईच्या युनिव्हर्सिटीत मॅनेजमेंट शिकवणाऱ्या एका सरांनी.

"आमच्या कम्युनिटी पार्टनरशिपचा हसरा चेहरा हरपला." खाली तिचा फोटो. मला टॅग केलंय.

सर, आधी तो फोटो काढा. मग हे वाचा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. हिरूमावशी माझ्या आईची थोरली बहीण. चिंचणीच्या किनाऱ्यावर जन्मभर बोंबील सुकवले आणि डोक्यावर पाटी घेऊन विकले.

शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. पण बोंबील नुसता हातात घेऊन सांगायची, याला अजून अर्धा दिवस ऊन पाहिजे.

2016 साली हे सर, एक मॅडम आणि पाच-सहा विद्यार्थी गावात आले. सोबत सुक्या मासळीचं पॅकिंग करणारी एक कंपनी. युनिव्हर्सिटी रिसर्च करणार, कंपनी शेड बांधणार, गावाचा विकास होणार.

देवळाच्या हॉलमध्ये बॅनर, चहा, बिस्किटं.

मी तेव्हा नुकतीच बीकॉम झालेली. मला त्यांनी फील्ड कोऑर्डिनेटर केलं. गळ्यात आयकार्ड घालून मी गावभर मिरवले. खोटं कशाला बोलू.

मीटिंगमध्ये सरांनी मावशीला विचारलं, "तुमच्या बिझनेसमधलं सगळ्यात मोठं चॅलेंज कोणतं?"

मावशी म्हणाली, "कुत्री."

सगळे हसले.

ती थट्टा करत नव्हती हो. वाळत घातलेले बोंबील कुत्री ओढून नेतात. बायका आळीपाळीने राखण करतात, भर उन्हात. ते कुणी लिहून घेतलं नाही. फोटो मात्र तेवढ्यात काढला.

मग आले फॉर्म. भरायचे मी, बायकांना विचारून.

"मासळी सुकवण्याची जागा तुमच्या मालकीची आहे का? हो / नाही."

आता आमच्याकडची रीत ऐका. किनाऱ्यावर प्रत्येक घराची सुकवायची जागा ठरलेली. सासूकडून सुनेकडे येते. कागद नाही, कुंपण नाही, रोवलेले चार बांबू. दुसऱ्या कुणी तिथे बोंबील टाकले तर अख्खी आळी भांडायला उठेल.

पण त्या जागेला "माझी" कुणी म्हणत नाही. घरचा माणूस ज्या दर्यात होडी घालतो, त्याच्यासमोर उभं राहून मालकी सांगायची नसते. आमच्या आयांनी आम्हाला असंच शिकवलंय.

मावशीला विचारलं. म्हणाली, "माझी कसली, बाय? दर्याची."

मी सरांकडे गेले. म्हटलं, "सर, या बायका माझी म्हणणार नाहीत, पण जागा त्यांचीच आहे. कुठे लिहू हे?"

सरांनी लॅपटॉपमधून मान वर केली नाही. "हो किंवा नाही. स्टोरी एक्सेलमध्ये बसत नाही."

मी "नाही"वर टिक केली. मावशीच्या फॉर्मवर, आणि मग आळीतल्या सगळ्या बायकांच्या.

त्यात हे सगळं नारळी पौर्णिमेच्या आधी. होड्या वर ओढलेल्या, मासळी नाही, किनारा मोकळा. त्याच आठवड्यात यांनी जागेचे फोटो घेतले. रिपोर्टमध्ये छापलं, मालकी नसलेली, वापरात नसलेली जमीन.

एवढे शिकलेले लोक. एकाने विचारलं नाही की बाई, हे बांबू कशाला रोवलेत?

दोन वर्षांनी कंपनीने तोच रिपोर्ट जोडून सरकारकडे जागा मागितली. मिळाली. तारेचं कुंपण घातलं, आणि शेड न बांधताच कंपनी दुसरीकडे गेली.

कुत्री आता आत जात नाहीत, सर. तेवढं चॅलेंज तुम्ही सोडवलंत.

बायका रस्त्याच्या कडेला डांबरावर बोंबील सुकवायला लागल्या. वरून गाड्यांची धूळ. मावशीने महिनाभर केलं, मग पाटी उतरवून ठेवली. "लोकांना माती खायला घालू?" म्हणाली. घरी बसली ती बसलीच. दिवसभर ओट्यावर, हात मांडीवर ठेवून. मला बघवायचं नाही.

मी सरांना फोन केला होता. रिपोर्ट चुकलाय, दुरुस्त करा म्हटलं.

"पब्लिश झालंय ते. आणि डेटा तूच कलेक्ट केलास ना?"

हो. मीच केला.

वर तुमच्याच शिफारसपत्रावर मला तारापूरला नोकरी लागली. म्हणून मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. तुमचा राग येतो, सर, खूप येतो. पण तुम्हाला शिव्या घालून मी काही धुतल्या तांदळासारखी होत नाही.

मावशी मला कधीच काही बोलली नाही. गेल्या महिन्यात एकदाच. मी डबा घेऊन गेले होते.

"बाय, त्या कागदावर तू काय लिवलं व्हतं?"

सांगितलं. पहिल्यांदाच सांगितलं.

तिने डबा बाजूला सारला. मग म्हणाली, "मग जाऊन सांग ना कचेरीत, चुकलं म्हणून. आमचं कोण ऐकतंय? तू शिकलेली."

मी म्हटलं, "सुट्टी मिळाली की जाते, मावशी."

सुट्टी आज मिळाली. तिला पोचवायला.

उद्याचीही टाकली आहे. डहाणूच्या तहसील कचेरीत जाऊन लेखी देणार आहे की ती टिक माझी, आणि ती खोटी आहे. आळीतल्या ज्या बायका येतील त्यांनी सकाळी एसटी स्टँडवर या.

हिरूमावशी, जा तू. श्रद्धांजली लिहायला अजून माझं तोंड नाही.