डब्यांच्या मोडीचा टोप

१९८५ सालच्या बुद्ध पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, आमच्या वाडीच्या विहाराच्या ओट्यावर, तीनशे छत्तीस रुपयांचा टोप घ्यायचे ठरले. हजर अकरा पुरुष आणि चार बायका. त्यांत मी, माझी बायको, वाडीतली म्हातारी आत्या आणि मुंबईहून रजेवर आलेला माझा थोरला चुलत भाऊ होतो. महाडच्या भांडेवाल्याने आठ किलोचा जर्मनचा, म्हणजे अॅल्युमिनियमचा, टोप बेचाळीस रुपये किलोने सांगितला होता. शंभर पानांचा भात त्यात शिजला असता.

तोवर लग्नकार्याला आम्ही पोलादपूरहून भाड्याने टोप आणत होतो. वरच्या वाडीकडे गावकीची भांडी होती. ती आम्हाला मिळत नसत आणि आमच्यातले कोणी मागायलाही जात नसे. म्हणून स्वतःचा टोप हवा होता.

रोख पैसे कोणाकडे नव्हते. जुनी भांडी मोडीत देऊन नवीन घ्यायची, एवढी रीत सगळ्यांना माहीत होती. मी महाडच्या औद्योगिक वसाहतीत कारकून होतो. आमच्या कारखान्यात यंत्रे बसवायला परदेशी इंजिनियर आले होते. त्यांच्या बंगल्यामागे बियरच्या रिकाम्या डब्यांचा ढीग पडे. तो पहारेकऱ्याला विचारून मी पोत्याने आणू लागलो. आंबेनळी घाटात मोटारवाले टाकून जात, ते डबे पोरीबाळी गोळा करत. लोहचुंबकाला चिकटला की तो पत्र्याचा, बाजूला टाकायचा. बाकीचे मुसळाने चेपून पोत्यात.

घराघरांतही असे डबे होते. कोणी त्यात वात घालून दिवा केला होता, कोणाचे ते तांदळाचे माप होते. आत्याने नाचणीच्या शेतात दोरीला डबे बांधले होते. वाऱ्याने ते वाजत आणि डुकरे बिचकत. तिने ती दोरीच सोडून आणून दिली. त्या पावसाळ्यात तिची निम्मी नाचणी गेली.

पुढच्या एप्रिलपर्यंत डबे बारा किलो भरले, म्हणजे सहाशेच्या वर, आणि फुटकी भांडी आठ किलो. डब्यांना बारा रुपये दर, भांड्यांना पंधरा. दोनशे चौसष्ट झाले. वर बहात्तर रुपये द्यायचे होते. पुन्हा रजेवर आलेला चुलत भाऊ म्हणाला, "आता मी घालतो, मग बघू." तो वाडीच्या मुंबईतल्या मंडळाचा खजिनदार, बाजाराची माहिती असलेला. मला कामावरून सुट्टी नव्हती. पोती त्याच्याबरोबर गेली.

संध्याकाळी महाडच्या स्टँडवर तो भेटला. आम्ही एकाच गाडीने परतलो. गोणपाटात गुंडाळलेला टोप त्याने दोन्ही गुडघ्यांमध्ये धरला होता. मी विचारले, "दादा, सगळं नीट झालं ना?"

"एकदम फर्स्ट क्लास," तो म्हणाला. पोलादपूर येईपर्यंत माझ्या मुलीच्या अभ्यासाचीच चौकशी करत होता.

विहारासमोर गोणपाट काढले. बायका हात फिरवून बघू लागल्या. माझी बायको चौथी शिकलेली. काठाखाली कोरलेली अक्षरे तिने बोट ठेवून वाचली आणि माझ्याकडे पाहिले. दादाच्या वडिलांचे नाव होते. पुढे लिहिले होते, 'यांच्या स्मरणार्थ मुलाकडून सप्रेम भेट.'

ते माझे काका. मला फार जीव लावत. त्यांचे नाव वाचून मला वाईट वाटावे, ही वेळ त्यानेच माझ्यावर आणली होती.

"दुकानदारानं विचारलं, नाव काय घालू," तो म्हणाला. "मोड पुरी पडली नाय, वरचे पैसे माझे. मग बापाचं नाव घातलं तर काय बिघडलं? टोप वाडीतच हाय ना?"

आत्या म्हणाली, "माझी नाचणी डुकरांनी खाल्ली, ती पण तुझ्या बापाच्या स्मरणार्थ काय रे?"

कोणी हसले नाही. त्याने माझ्याकडे पाहिले. त्याला वाटले, मी तरी बाजू घेईन. मी म्हणालो, "गाडीत तू शेजारी बसला होतास दादा. तेव्हा सांगायचं होतंस."

"तू हिशेबवाला माणूस. तू मला नाव घालू दिलं असतंस?"

म्हणजे त्याने विचार करून केले होते.

नाव खरवडता येईल का, हे मी दुसऱ्या दिवशी दुकानात विचारले. पत्रा पातळ होईल, चुलीवर तिथेच भोक पडेल, असे दुकानदार म्हणाला. वाडी पुन्हा बसली. टोप भेट म्हणून घ्यायचा नाही, एवढ्यावर एकमत झाले. त्याचे घर सोडून अठरा घरे होती. घरटी चार रुपये काढले. आत्याने तिचे चार रुपये सुट्या नाण्यांत दिले. मला वाटले होते, निदान पैसे तरी तो घेणार नाही.

बहात्तर रुपये मी विहाराच्या ओट्यावर सगळ्यांसमोर माझ्या चुलत भावाच्या हातात दिले. त्याने ते मोजले आणि खिशात ठेवले.