आमच्या हॉलमधलं प्रदर्शन

शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले आणि आपल्या चित्रांचं प्रदर्शन घरीच भरवायचं ठरवलं. पहिली अडचण सासूबाईंची. त्यांची खाट हॉलमध्ये, खाटेखाली मिश्री थुंकायचा डबा, आणि आल्यागेल्याला त्या विचारणार, "तुमी कोनाचे?" मी तर कृषी विद्यापीठातल्या दोन प्राध्यापकांना बोलावलेलं. आयुष्यात पहिल्यांदा कुणी माझी चित्रं बघायला येणार होतं.

"आई, एक दिवस गंगाखेडला ताईंकडं जाऊन या," मी म्हटलं.

"मी कोपऱ्यात बसते की. बोलनार न्हाई कोनाला."

"गर्दीत तुम्हाला त्रास होईल."

त्रास कुणाला होणार होता, हे त्यांनाही कळत होतं. सकाळी मी आणि नवऱ्यानं त्यांना दोन्हीकडून धरून रिक्षात बसवलं. नवरा त्यांना लेकीकडं पोचवायला गेला.

मग मी पदर खोचला. खाट बाहेर काढून भिंतीला उभी केली. हॉलचा रंग पोपटी, त्यावर चित्रं काय दिसणार? म्हणून भिंतींवर पांढऱ्या चादरी ठोकल्या. खाली सतरंजी अंथरली. गल्लीत भाड्याच्या खुर्च्या मांडल्या. दारासमोर मात्र माझं सगळ्यात चांगलं चित्र ठेवलं, सासूबाईंचं. सुरकुतीन् सुरकुती उतरली होती. उद्घाटनाला म्हणून त्यापुढं समई लावली, दोन गुलाब ठेवले.

पाहुण्यांच्या आधी गल्लीच आली. गल्लीला मी बोलावलं नव्हतं. यांना चित्रातलं काय कळतं, हा माझा तोरा. पण बायका चपला काढून हळूच आत आल्या, सासूबाईंच्या चित्राला हात जोडले आणि गप्प बसल्या. एरवी या बायका गप्प बसतात होय! मी मनातल्या मनात फुगले. एकीला गोदावरीच्या घाटाचं चित्र समजावून सांगितलं, तर तिनं नुसता माझा हात दाबला.

चहा आणला. एकीनंही कपाला हात लावला नाही. "असू द्या बाई, आज नको."

तेवढ्यात समोरच्या काकू पिठलं-भाकरीचा डबा घेऊन आल्या. "चूल पेटवू नको, दोन घास खाऊन घे," म्हणाल्या आणि माझ्या गळ्यात पडून हमसून रडायला लागल्या. "रिक्षात बसवताना बघितलं मी. वाटलं, दवाखान्यात न्यायलेत. कवा गेल्या गं?"

मी वळून हॉल पाहिला: पांढऱ्या चादरी, सतरंजी, आईंच्या चित्रापुढं समई. "काकू, आई चांगल्या आहेत. गंगाखेडला आहेत."

काकूंनी डोळे पुसले. "मग आजच का धाडलं? आज तर घरात कार्यक्रम दिसतोय ना?"

दाराशी दोन्ही प्राध्यापक येऊन उभे होते. रडणं ऐकून त्यांनीही हात जोडले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

त्यातच फोन वाजला. गल्लीतल्या कुणीतरी नणंदेला आई गेल्याचं कळवलं होतं. ती तावातावानं बोलत होती, मग तिच्या हातातून फोन सासूबाईंनी घेतला.

"कोन कोन आलतं गं?" आवाजात राग नव्हता. नव्हता म्हणून जास्त लागलं.

"सगळी गल्ली आली, आई."

"रडलं का कुनी?"

"काकू रडल्या. लय रडल्या."

"अन् तू?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघत होत्या. मला तेव्हा रडू फुटलं, पण हो म्हणायला तोंड राहिलं नव्हतं.